माती कशी घडली ते पाहून मग वावरावर खर्च करावा

उन्हाळा लागला, की उमरखेड, महागाव, पुसद आणि पैनगंगेपलीकडील हदगाव या तालुक्यांतील शेतकरी बंधुभगिनींकडून जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांत तीन प्रश्न ठरलेले असतात. शेजाऱ्याच्या वावरात तलावाचा गाळ पडल्यावर पीक पालटले, मग तोच गाळ आमच्या वावरात पडल्यावर पाणी का साचू लागले? जमीन वरून काळीभोर असूनही कपाशी पोळ्याच्या सुमारास पिवळी का पडते? आणि यंत्र लावून वावर सपाट केल्यापासून त्याच्या एका अंगास काहीच का उगवत नाही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत. परंतु ज्या शेतकऱ्याने आपल्या वावरातील माती त्या जागी कोणत्या मार्गाने आली, किती खोल आहे आणि तिच्या पोटात काय आहे याची आधी चौकशी केली, त्याला ती उत्तरे स्वतःच काढता येतात, आणि ती चौकशी न करता गाळ, यंत्र, खत व पाणी यांवर केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो, इतकेच नव्हे तर उलट अपायही करतो. ही चौकशी कशी करावी, तिच्यावरून काय ठरवावे आणि कायद्याने आपल्याला कोणते हक्क दिले आहेत व कोणती बंधने घातली आहेत, ते या लेखात सांगावयाचे आहे.

घडणीविषयी, निर्णयापुरते

आपल्या भागातील बहुतेक जमिनीचा पाया म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला बेसाल्ट हा काळा कातळ होय. विहीर खणताना दोन कातळांच्या मधोमध कधी कधी जो तांबडा, गेरूसारखा पट्टा लागतो, तो एका उद्रेकानंतर आणि दुसऱ्याच्या आधी, मधल्या काळात खडक झिजून तयार झालेल्या व पुढच्या लाव्ह्याने भाजून निघालेल्या थराचा असतो. म्हणजे माती घडण्याचे काम या भूमीवर माणसाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. ऊन, पाणी आणि मुळे यांच्या योगाने कातळाच्या सांध्यांत झीज शिरते, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे दगडाचे पापुद्रे सुटतात, त्यांचा मुरूम होतो, आणि मुरमातील खनिजांवर पाण्याची रासायनिक क्रिया होत होत जी अतिसूक्ष्म चिकणमाती तयार होते, तीच भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून हात-हात खोल भेगा पाडते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोकणातील कातळही पुष्कळ ठिकाणी हाच. पण तेथील मुसळधार पावसाने त्यातील चुना व इतर क्षार पार धुऊन नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांनी युक्त तांबडा जांभा उरला. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड असल्याने चुना पूर्णपणे वाहून न जाता खालच्या थरात खड्यांच्या रूपाने साचला, आणि त्याच खडकाची काळी, चुनखडीयुक्त, फुगणारी जमीन झाली. रशियन शास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये आणि हान्स येनी यांनी १९४१ मध्ये मूळ खडक, हवामान, उतार, जीवसृष्टी आणि काळ असे मातीच्या घडणीचे जे घटक मांडले, त्यांपैकी खडक व हवामान तालुकाभर जवळजवळ सारखेच असल्याने दोन शेजारच्या वावरांतील भेद बहुधा उतारामुळे आणि माणसाच्या हातामुळे पडलेला असतो. आपल्याला पाहावयाचे आहे ते याच दोहोंकडे.

आपले वावर यांपैकी कोणते?

पुसदच्या डोंगराकडून पैनगंगेच्या पात्राकडे सरळ रेषेत चालत गेल्यास जमिनीचे सर्व प्रकार क्रमाने भेटतात.

- माथ्यावरची, जागच्या जागी घडलेली जमीन. बरड, मुरमाड, वीत-दीड वीत खोल. जितकी माती येथे तयार होते, तितकी उतारावरून निघून जाते, म्हणून हजारो वर्षे लोटूनही ती खोल होत नाही. पाणी झटकन उतरते आणि पावसाची उघडीप आठ-दहा दिवस टिकली, की पीक माना टाकते.
- उतारावरून वाहून येऊन साचलेली जमीन. मध्यम ते भारी, काळी, दोन ते चार हात किंवा त्याहून खोल. बंदी भागाच्या रानाखाली आणि ढाणकी, विडूळ, मुळावा यांच्या शिवारात अशी जमीन पुष्कळ. ओल धरून ठेवते; पण तिचा निचरा सावकाश होतो.
- नदीकाठची मळई. मार्लेगाव, चातारी यांसारख्या पैनगंगेच्या काठच्या गावांत पुराने आणलेल्या गाळाचे व वाळूचे आलटूनपालटून थर असतात. वरची हातभर माती पाहून मत बनवू नये. खाली वाळूचा पट्टा असल्यास दिलेले पाणी व खत त्यातून निघून जाते.
- माणसाने घडवलेली किंवा बिघडवलेली जमीन. पिढ्यान्पिढ्या शेणखत मिळालेले गावालगतचे वावर, गाळ टाकलेले वावर, यंत्राने सपाट केलेले वावर, कालव्याच्या पाण्याने क्षार वर आलेले वावर, आणि जुन्या वस्तीची पांढरी.

या शेवटच्या प्रकाराविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे. गावकऱ्यांनी शेकडो वर्षे राहून, चुली पेटवून, गुरे बांधून, मातीच्या भिंती बांधून व पाडून जी पांढरी तयार केली, ती राख, चुना, हाडे व शेण यांच्या संचयाने स्फुरदयुक्त झालेली असते, आणि म्हणून ओस पडलेल्या गावठाणाची माती गाड्या भरभरून वावरात नेण्याचा परिपाठ आपल्याकडे जुना आहे. परंतु अशी माती उपसताना जुनी नाणी, दागिने किंवा मूर्ती सापडल्यास काम तत्काळ थांबवावे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा, जमिनीत दडलेला निधी सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तो निधी दडवणे हा गुन्हा आहे. खापरांचे थर, जुन्या भिंतींचे पाये दिसल्यासही ती जागा सोडून द्यावी. तेथील इतिहास एकदा उपसला, की पुन्हा भरून येत नाही.

खड्डा: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा तपास

एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मुंबई इलाख्यात जमिनीची प्रतबंदी करताना, आणि त्याच धर्तीवर पुढे वऱ्हाडात पाहणी झाली तेव्हाही, मोजणीदार कामगार वावरात खड्डे खणून मातीची खोली हातांत मोजत असत. एकरंगी, बारीक पोताच्या काळ्या मातीची खोली पावणेदोन हात भरली, तर ती सोळा आण्यांची. खोली कमी तसे आणे कमी. शिवाय चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीचा ठिसूळपणा, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपणे आणि पाण्याचा उपळ असे दोष मांडून त्यांपैकी प्रत्येकासाठी प्रत उतरवली जाई. सरकारास आकार बसवावयाचा होता, म्हणून त्याने हा खटाटोप केला; आपल्याला पीक काढावयाचे आहे, तेव्हा आपण तो करण्यास काहीच हरकत नाही. त्या सात दोषांची यादी आजही तितकीच उपयोगी आहे.

मार्च-एप्रिलमध्ये, माती कोरडी असताना, पुढीलप्रमाणे करावे.

1. वावराच्या उंच, मधल्या आणि सखल भागांत प्रत्येकी एक खड्डा, दोन हात लांब व तीन हात खोल, किंवा मुरूम लागेपर्यंत, खणावा. एका बाजूची भिंत सरळ छाटून घ्यावी म्हणजे थर स्पष्ट दिसतात.
2. काळ्या मातीची खोली, मुरूम कोठे लागतो ते आणि मध्ये कोठे वाळूचा किंवा पांढऱ्या खड्यांचा थर आहे काय, हे वहीत लिहून ठेवावे.
3. पिकांची जुनी मुळे कोठपर्यंत गेली आहेत ते पाहावे. मुळे एखाद्या पातळीवर अचानक आडवी वळली असतील, तर तेथे घट्ट थर आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर-वखर चालवल्याने आणि ओल्या रानात ट्रॅक्टर घातल्याने असा थर माणूसच तयार करतो.
4. प्रत्येक थरातील चिमूटभर मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत. जोराने फेस आला, तर मुक्त चुना पुष्कळ आहे असे समजावे. मुक्त चुना दहा टक्क्यांहून अधिक असलेल्या जमिनीत संत्रा-मोसंबीची बाग लावू नये. भाद्रपदातील पिवळेपणाचे एक कारणही पुष्कळदा येथे सापडते, कारण चुन्याच्या जोरामुळे लोह व जस्त असूनही मुळांना मिळत नाहीत; दुसरे कारण म्हणजे साचलेले पाणी, ज्याने मुळांचा श्वास कोंडतो.
5. बोराएवढे कोरडे ढेकूळ स्वच्छ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात, न ढवळता, ठेवावे. ते विरघळून पडले तरी पाणी निवळ राहिले, तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधी गढूळपणा पसरून तो दिवसभर तसाच राहिला, तर मातीत सोडियमचा शिरकाव झाल्याचा तो इशारा आहे.
6. खड्डा पाण्याने भरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. चोवीस तासांनंतरही पाणी तसेच उभे असल्यास त्या वावरात निचऱ्याची सोय केल्यावाचून हळद किंवा केळी यांचे नाव घेऊ नये.

माती परीक्षण आणि पत्रिका कशी वाचावी

खड्ड्याने जमिनीची रचना कळते, अन्नद्रव्ये कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळा हवी. केंद्र सरकारची मृद आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ पासून चालू असून तीत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन अशा बारा गोष्टी तपासल्या जातात. गावचे कृषी सहायक किंवा उमरखेड येथील तालुका कृषी अधिकारी कार्यालय यांच्याकडे याची विचारणा करावी.

नमुना चुकला, की अहवाल चुकलाच. खड्ड्यांत जे निरनिराळे भाग आढळले, त्या प्रत्येकाचा नमुना स्वतंत्र घ्यावा; माथ्याची बरड आणि नाल्याकाठची काळी एकत्र कालवून काढलेला आकडा दोहोंपैकी कोणाचाच नसतो. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करून त्यांच्या कडेची माती घ्यावी, सर्व एकत्र मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. धुरा, झाडाची सावली, विहीर, गुरे बांधण्याची जागा व खताचा ढीग यांजवळची माती घेऊ नये. रासायनिक खत दिल्यावर दोन-तीन महिने नमुना काढू नये. ओली माती सावलीत वाळवावी. फळबागेसाठी एक, दोन व तीन फुटांवरचे नमुने वेगवेगळे द्यावेत.

पत्रिका हाती आल्यावर पहिल्याने नत्र-स्फुरदाच्या आकड्यांकडे धावण्याचा मोह होतो. तो आवरून आधी पुढील तीन रकाने वाचावेत.

- सामू: आपल्याकडे तो साडेसात ते साडेआठ असणे स्वाभाविक आहे. साडेआठच्या वर गेल्यास चोपणाकडे झुकाव समजावा.
- विद्युत वाहकता: १ च्या आत असावी. वर गेल्यास उगवणीवर परिणाम होऊ लागतो.
- सेंद्रिय कर्ब: ०.४० टक्क्यांखाली कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम. हा आकडा वर्षभराच्या नव्हे, वर्षानुवर्षांच्या वागणुकीचा हिशेब आहे.

कर्ब वाढवण्याचा मार्ग आपल्या शेजारीच, पुसद येथे, सापडला आहे. तेथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली खताची पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप या नावाने देशभर पसरली. जाळीदार विटांच्या सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच टाक्यात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, शंभर किलोच्या आसपास शेण आणि साडेसतराशे किलो चाळलेली माती यांचे थर देऊन, पाणी शिंपून, वरून लिंपले, की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ज्या घरी आता दोनच गुरे उरली आहेत, त्याच घरासाठी ही पद्धत आहे, कारण तिला शेण फार थोडे लागते. पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या व उसाचे पाचट यांना धुऱ्यावर काडी लावण्यापूर्वी या टाक्याचा विचार अवश्य करावा. जे आपण जाळतो, ती पुढच्या वर्षांची माती असते.

तलावाचा गाळ: घ्यावा की न घ्यावा

गाळ म्हणजे उतारावरच्या वावरांतून वाहून गेलेली आपलीच सूक्ष्म माती होय. ती माथ्याच्या बरड, मुरमाड जमिनीत परत नेली, तर ओल धरण्याची शक्ती वाढते आणि पीक खरोखर पालटते. परंतु जी जमीन आधीच भारी, चिकण व मंद निचऱ्याची आहे, तिच्यावर पुन्हा चिकणमातीचा थर पसरला, तर उरलासुरला निचराही बंद होतो. शेजाऱ्याचा लाभ आणि आपले नुकसान यांत जो विरोध दिसतो, त्याचा उलगडा एवढाच आहे. म्हणून:

- खड्ड्यात मुरूम हातभराच्या आत लागत असेल, तरच गाळ घ्यावा.
- गाळाचाही नमुना तपासून घ्यावा; सामू साडेआठच्या वर असल्यास किंवा वाळू अधिक असल्यास तो नाकारावा.
- उन्हाळ्यात पसरून तापू द्यावा, आणि पावसापूर्वी वखराने मूळ मातीत कालवावा. वर नुसता थर ठेवू नये.
- उतारावर बांध आधी घालावा, गाळ मागाहून टाकावा. अन्यथा तो पहिल्या मोठ्या पावसातच तलावाकडे परत निघतो.

खर्चाचा अंदाज असा. एका एकरावर चार इंचांचा थर देण्यास सुमारे ४०० घनमीटर, म्हणजे जवळजवळ १४० ब्रास गाळ लागतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य सरकारची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून ती नव्या स्वरूपात राबवली जात आहे. गाळासाठी स्वामित्वधन लागत नाही, आणि अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा व अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबे यांस वाहतुकीसाठी घनमीटरमागे ३५.७५ रुपये, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत आणि अडीच एकरांपर्यंत, असे अनुदान ठरवण्यात आले होते. अर्ज करतेवेळी चालू दर व मुदत ग्रामपंचायतीकडून खात्री करून घ्यावी. तलावातून गाळाऐवजी वाळू उपसण्यास मात्र मुभा नाही. कोणी ट्रॅक्टरवाला गाळाच्या नावाखाली मुरूम किंवा वाळू आणून टाकू लागला, तर पहिल्या खेपेसच थांबवावे.

सपाटीकरण करताना

वावराचा उंचवटा कापून सखल भाग भरताना यंत्र वरची सजीव माती प्रथम उचलते आणि ती खोलगटात सर्वांत खाली गाडते. उंचवट्यावर उरतो तो मुरूम किंवा चुनखडीचा थर. त्या अंगास काही उगवत नाही याचे कारण हेच. वरची वीतभर माती आधी खरडून एका बाजूस ढीग करून ठेवावी, मग खालचा भाग सपाट करावा, आणि शेवटी तो ढीग सर्वत्र पसरावा, असे यंत्रवाल्याशी काम ठरवतानाच बोलून घ्यावे. तासांचा हिशेब थोडा वाढतो, परंतु पुढची पाच-सात वर्षे वाचतात. ज्यांचे नुकसान होऊन चुकले आहे, त्यांनी उघड्या पडलेल्या भागावर भरपूर कंपोस्ट घालावे, ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येताच गाडावा, आणि जस्त व लोह यांची कमतरता तपासून घ्यावी.

कालव्याचे पाणी

इसापूर धरणाच्या पाण्याने उमरखेडच्या शिवारात ऊस, केळी आणि हळद आली, संसार उभे राहिले. त्या पाण्याचे उपकार कोणीही नाकारणार नाही. पण नीरा, प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखाली काय झाले ते आपण विसरता कामा नये. नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटून पुरी तीन दशकेही झाली नव्हती, तोच तेथील खारावलेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांना कृषी खात्यासाठी स्वतंत्र अहवाल लिहावा लागला, आणि त्याच भागात पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले, तेव्हा तेथे कालव्याखालील मातीचे प्रकार पाडण्याचे कामही हाती घ्यावे लागले. कारण सर्वत्र एकच होते: मंद निचऱ्याच्या काळ्या जमिनीस गरजेहून अधिक पाणी दिले, की भूजल वर चढते, ते उन्हाने उडते आणि त्यातील क्षार पृष्ठभागी राहतात.

वाळल्यावर पृष्ठभागी पांढरी बुरशीसारखी झाक आली, तर जमीन खारवट होऊ लागली आहे. ढेकळे फुटेनाशी झाली, पाणी दिवसेंदिवस गढूळ उभे राहू लागले, तर ती चोपण होत आहे. खारवट जमिनीस चर आणि पाण्याचा निचरा हाच उपाय. चोपण जमिनीस परीक्षणाने ठरवलेल्या मात्रेने जिप्सम द्यावा लागतो; परंतु जिप्सम सोडियमला केवळ सुटे करतो, ते बाहेर नेण्याचे काम वाहत्या पाण्याचे आहे, तेव्हा चर खणल्यावाचून जिप्सम टाकणे म्हणजे पैसे चिखलात घालणे होय. ठिबक संच, एकाआड एक सरीस पाणी आणि दोन-तीन वर्षांनी कडधान्याचा फेर यांनी ही वेळ टाळता येते, आणि टाळण्याचा खर्च सुधारण्याच्या खर्चाच्या मानाने अगदीच अल्प आहे. कालव्याच्या पाझरामुळे जमीन उपळत असेल, तर पाटबंधारे खात्याच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

हक्क आणि बंधने

*शेजाऱ्याने पाणी अडवले किंवा वळवले तर.* पावसाच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणी बेकायदेशीर अडथळा केला आणि त्यामुळे आपल्या शेतजमिनीचे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दावा दाखल करता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे, आणि ती घटना घडल्यापासून मोजली जाते. पुष्कळ जण भावबंदकी नको म्हणून एक पावसाळा थांबतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात तहसिलीत जातात, तोवर मुदत निघून गेलेली असते. समजुतीचे बोलणे जरूर करावे, पण ते सहा महिन्यांच्या आत संपवावे. घटनेच्या दिवशीचे पंच आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.

*माती विकण्याविषयी.* माती व मुरूम ही गौण खनिजे आहेत. आपल्याच वावरातील उंचवटा कापून आपल्याच खोलगटात भरणे ही शेतीची सुधारणा. परंतु वीटभट्टीस किंवा रस्त्याच्या ठेकेदारास माती देणे यास महसूल खात्याचा परवाना लागतो, आणि परवान्यावाचून उत्खनन झाल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ठेकेदार निघून जातो. जमीन जागेवर राहते आणि दंडाचा बोजा सातबाऱ्यावर चढण्याचा धोका मालकास राहतो. परवान्याची नक्कल स्वतः पाहिल्यावाचून यंत्र धुऱ्याच्या आत येऊ देऊ नये. आणि परवाना असला तरी हिशेब करून पाहावा: एका एकरातून एक फूट माती गेली, की सुमारे ४३५ ब्रास माती गेली. तिचे जे पैसे हाती येतील, ते एकदाच येतात. तिचा जो भाग निसर्गाने शतकानुशतके लावून घडवला, तो आपल्या नातवंडांच्याही हयातीत परत येणार नाही.

*पोटखराबाविषयी.* सातबाऱ्यावर पोटखराब वर्ग ‘अ’ म्हणून नोंदलेली खडकाळ किंवा नालीची जमीन गाळ व बांध यांनी आपण लागवडीखाली आणली असेल, तर २०१८ च्या नियमदुरुस्तीमुळे ती लागवडयोग्य क्षेत्रात घेण्यासाठी तलाठ्यामार्फत अर्ज करता येतो. वर्ग ‘ब’ची जमीन सार्वजनिक कामासाठी राखीव असते, तिला हात लावू नये.

वावर विकत किंवा मक्त्याने घेताना

व्यवहार ठरवण्यापूर्वी मालकाच्या संमतीने निदान दोन खड्डे खणून पाहावेत, आणि शक्य असल्यास तेच वावर एकदा भर पावसात आणि एकदा वैशाखात नजरेखालून घालावे. पावसात पाणी कोठे उभे राहते आणि वैशाखात भेगा कोठे रुंद होतात, यावरून जे कळते ते सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. गेल्या काही वर्षांत सपाटीकरण झाले आहे काय, माती विकली गेली आहे काय, हे शेजारच्या धुरकऱ्याला विचारावे. त्याने ते सर्व डोळ्यांनी पाहिलेले असते.

मक्त्याच्या वावरात गाळ, बांध किंवा चर यांवर खर्च करावयाचा असल्यास मक्ता एका सालाचा ठेवू नये. गाळाचा पुरा गुण दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात दिसतो आणि नेमक्या त्याच वेळी वावर दुसऱ्याच्या हाती जाण्याचा संभव असतो. निदान तीन वर्षांची मुदत, मध्येच मक्ता मोडल्यास न वळलेल्या खर्चाची परतफेड, आणि माती बाहेर नेण्यास दोघांनाही मनाई, ही तीन कलमे मुद्रांक कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावीत. मुदत एका वर्षाहून अधिक असल्याने हा करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि तो नोंदवल्यावरच पहिली ट्रॉली सांगावी.